घरातील स्पिरिट : कुठे वापरावे, कुठे टाळावे

२०२० च्या कोरोना साथीत वरोऱ्यातील अनेक घरांत स्पिरिटची बाटली आली. तिचा योग्य उपयोग आपण समजून घेतला पाहिजे.

जंतू मारण्यास सुमारे ७० टक्के अल्कोहोल व बाकी पाणी हे प्रमाण चांगले. शुद्ध अल्कोहोल चटकन उडून जाते. पाण्यामुळे ते जास्त वेळ टिकते व जंतूंच्या आत शिरते. मात्र धूळ व तेलकटपणा आधी साबणाच्या पाण्याने काढावा.

काच, आरसा, स्टीलचे नळ, दाराच्या कड्या यांना स्पिरिट चालते. बँकेत काउंटरच्या काचेवरील बॉलपेनची व शिक्क्याची शाई आम्ही स्पिरिटच्या बोळ्यानेच काढतो. लाकडी कपाटाला मात्र ते लावू नये. फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्येच विरघळवलेली लाख. स्पिरिट लागताच ती सुटते. ॲक्रिलिकला बारीक तडे जातात, रंगवलेल्या मूर्तीचा रंग निघू शकतो.

स्पिरिटची वाफ पेट घेते. म्हणून गॅस, दिवा वा अगरबत्तीजवळ ते वापरू नये. ब्लीचिंगच्या पाण्यात तर कधीच मिसळू नये. विषारी द्रव्ये तयार होतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही वस्तू पिण्याची नव्हे. एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे, टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. पंचशील पाळणाऱ्या घरातही लहान मुले असतात. तेव्हा स्पिरिट पाण्याच्या बाटलीत भरू नये. बाटलीवर नाव लिहून ती कुलपातच ठेवावी.