राजाज्ञा आणि वेतन : रोमन व बायझंटाइन अध्यापकांची आर्थिक विवंचना

प्रस्तावना :
सम्राट दुसरा थिओडोसियस याने इ. स. ४२५ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ३१ अध्यापकपदे निश्चित केली. त्यांत लॅटिन व ग्रीक व्याकरणाची प्रत्येकी १०, वक्तृत्वशास्त्राची ८, कायद्याची २ आणि तत्त्वज्ञानाचे १ पद होते. विद्येला राजाश्रय देण्याची ही परंपरा पूर्वीच्या रोमन राज्यव्यवस्थेतून आलेली होती. तथापि राजाज्ञा आणि प्रत्यक्ष वेतन यांमध्ये नेहमीच अधिकारी उभा असे. प्रस्तुत लेखात तीन उदाहरणांच्या आधारे या अंतराचे विवेचन केले आहे.

नगरांतील अध्यापक :
तिसऱ्या शतकाच्या मध्यास ईजिप्तमधील ऑक्सिरिंकस नगरात लोलियानोस हा नगरसभेने नेमलेला व्याकरणशिक्षक होता. सम्राट व्हॅलेरियन व गॅलिएनस यांना उद्देशून त्याने लिहिलेला अर्ज पपायरसवर उपलब्ध आहे. वेतन नियमित मिळत नाही आणि मिळते ते आंबलेला द्राक्षारस व किडके धान्य या रूपात, अशी त्याची तक्रार होती. उपाय म्हणून त्याने नगराच्या मालकीची एक बाग मागितली.

पुढे चौथ्या शतकात अँटिऑक येथील प्रख्यात वक्तृत्वाचार्य लिबानियस याने आपल्या सहायक अध्यापकांची कैफियत नगरसभेपुढे मांडली. त्याच्या म्हणण्यानुसार, वार्षिक म्हटले जाणारे वेतन दरवर्षी हाती पडत नसे. पडले तरी उशिरा व अपुरे. त्यासाठी अधिकाऱ्यांचे आणि त्यांच्या सेवकांचेही उंबरठे झिजवावे लागत. या अध्यापकांना नगराच्या जमिनींचे उत्पन्न द्यावे, अशी त्याची मागणी होती.

राजदरबारातील विद्वान :
बाराव्या शतकात जॉन त्झेट्झेस याने सम्राट पहिला मॅन्युएल याची पत्नी आयरीन हिच्यासाठी ‘इलियड’वरील रूपकात्मक विवरण लिहावयास घेतले. मोबदल्याचा हिशेब लिखित पानांच्या जुड्यांवर होता. महाराणीच्या कारभाऱ्याने हिशेबात अडवणूक केल्याची तक्रार त्याने तिच्याकडे पत्राने केली. अखेर उर्वरित ग्रंथ त्याने दुसऱ्या आश्रयदात्यासाठी पूर्ण केला.

निष्कर्ष :
लोलियानोस व लिबानियस यांच्यात शंभर वर्षांचे अंतर असूनही दोघांची मागणी सारखीच, म्हणजे जमिनीच्या उत्पन्नाची आहे. अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेले उत्पन्न त्यांना हवे होते. त्झेट्झेसला हा पर्याय नव्हता. तो केवळ आश्रयदाता बदलू शकला. यावरून वेतनाच्या रकमेइतकेच ते कोणाच्या हातून मिळते, यावरही अध्यापकाची प्रतिष्ठा अवलंबून होती, हे स्पष्ट होते.