फेफरे आलेला प्रत्येक श्वान पिसाळलेला नसतो

पहाटेच्या शांततेत घरातला कुत्रा एकाएकी आडवा पडतो. पाय ताठ होतात, जबडा आवळला जातो, तोंडाला फेस येतो, अंगाखाली मूत्र सांडते. दीड-दोन मिनिटांत झटके थांबतात. मात्र त्यानंतरही काही काळ तो भिंतींना धडकत, घरच्यांनाही न ओळखता फिरत राहतो. फेस पाहताच शेजारीपाजारी एकच शब्द उच्चारतात: रेबीज. मग पाळीव कुत्रा दूर कुठेतरी सोडून दिला जातो आणि रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वाट्याला दगड येतात. प्रत्यक्षात हा आजार अनेकदा अपस्माराचा असतो. तो संसर्गजन्य नाही आणि बहुतेक श्वानांमध्ये औषधांनी आटोक्यात ठेवता येतो.

मेंदूतील असंख्य पेशी एकाच वेळी अनियंत्रितपणे विद्युतसंदेश सोडू लागल्या की शरीराला झटके येतात. चोवीस तासांपेक्षा अधिक अंतराने, बाहेरचे तात्कालिक कारण नसताना असे दोन झटके आले, तर पशुवैद्यक अपस्माराचे निदान करतात. ब्रिटनमधील पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१३ च्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे ०.६ टक्के आढळले. मेंदूत कोणताही दृश्य दोष नसलेला, बहुधा आनुवंशिक असा अपस्मार साधारणतः सहा महिने ते सहा वर्षे या वयात सुरू होतो. त्याहून लहान पिल्लांत डिस्टेंपर किंवा रक्तातील साखरेची घट, तर उतारवयात मेंदूतील गाठ, अशा कारणांचा आधी शोध घेतला जातो. कीटकनाशक पोटात गेल्यानेही झटके येतात. गोचिडांवर दिल्या जाणाऱ्या फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर यांसारख्या गोळ्यांमुळे काही श्वानांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. म्हणून कुत्र्याला अलीकडे कोणते औषध दिले, हे पशुवैद्यकाला आवर्जून सांगावे.

रेबीज आणि अपस्मार यांतील महत्त्वाचा फरक झटका ओसरल्यानंतर दिसतो. अपस्माराचा श्वान काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत पूर्ववत होतो. खातो, पितो, माणसे ओळखतो. रेबीजची लक्षणे मात्र दिवसागणिक वाढत जातात आणि साधारणतः दहा दिवसांच्या आत श्वानाचा मृत्यू होतो. श्वानांच्या व्यापक लसीकरणामुळे गोवा २०२१ मध्ये ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून घोषित झाला. तथापि नियंत्रण म्हणजे निर्मूलन नव्हे. अनोळखी किंवा लस न टोचलेल्या कुत्र्याला झटके येत असतील, तर त्याला हात न लावता पशुवैद्यकीय यंत्रणेला कळवावे. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबण व वाहत्या पाण्याने धुऊन त्वरित रुग्णालय गाठावे.

या आजाराचा प्रतिबंध आणि उपचार, दोन्हींचा धागा हैदराबादशी जोडलेला आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तेथे उभारलेली इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही संस्था रेबीजची लस, तसेच डिस्टेंपरसह अनेक रोगांपासून संरक्षण देणारी श्वानांची संयुक्त लस तयार करते. डिस्टेंपरचा विषाणू मेंदूपर्यंत पोहोचला तर बरा झालेला श्वानही पुढे झटक्यांनी ग्रासला जाऊ शकतो. पिल्लाला वेळेवर दिलेली लस हा धोका टाळते.

उपचारांचा धागा औषधनिर्मितीचा आहे. इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी उपक्रमाच्या कारखान्यामुळे हैदराबादेत रसायनतज्ज्ञांची पिढी घडली. त्याच उपक्रमात काम केलेल्या के. अंजी रेड्डी यांनी १९८४ मध्ये डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज स्थापन केली. ऑरोबिंदो, हेटेरो याही कंपन्या तेथे वाढल्या. या तिन्ही कंपन्या लेव्हेटिरासेटाम हे अपस्मारविरोधी औषध बनवतात. ते माणसांसाठी विकसित झाले आणि १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले. आज पशुवैद्यकही ते लिहून देतात. मात्र श्वानाच्या शरीरातून ते अवघ्या काही तासांत बाहेर पडते. म्हणून साधी गोळी दर आठ तासांनी द्यावी लागते. दिवसातून दोनदा देण्याची, हळूहळू विरघळणारी गोळी मोडून किंवा कुटून दिली तर तिचा तो गुणच नाहीसा होतो.

पहिल्या पसंतीचे औषध मात्र जुनेच आहे. जर्मन वैद्य आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२ मध्ये माणसांवर यशस्वी वापरलेले फिनोबार्बिटल श्वानांनाही लागू पडते. अमेरिकेतील ४३ श्वानांवरील, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत फिनोबार्बिटल घेणाऱ्यांपैकी ८५ टक्के, तर ब्रोमाइड घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के श्वानांचे झटके पूर्ण थांबले. फिनोबार्बिटलने भूक, तहान व वजन वाढते. यकृतावरही भार पडतो. त्यामुळे ठराविक काळाने रक्ततपासणी अपरिहार्य ठरते. ब्रोमाइडच्या बाबतीत आहारातील मीठ महत्त्वाचे असते. मीठ वाढले की ब्रोमाइड मूत्रावाटे झपाट्याने बाहेर पडते आणि औषधाची पातळी घसरते. गोव्यातील घरांत कुत्र्याला उरलेला भात आणि कधी खारवलेली सुकी मासळी घातली जाते. ब्रोमाइड चालू असताना असा बदल अंगाशी येऊ शकतो.

खोबरेल तेलाने फेफरे थांबते, हा समजही तपासून घ्यावा लागेल. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०१५ मध्ये मध्यम साखळीच्या मेदाचा विशेष आहार २१ श्वानांना नेहमीच्या औषधांसोबत दिला. तिघांचे झटके पूर्ण थांबले, आणखी सात जणांचे निम्म्याहून कमी झाले. सहा जणांवर काहीच परिणाम झाला नाही. त्या आहारातील मेद वेगळा होता. खोबरेल तेलात मुख्यतः लॉरिक आम्ल असते. त्यामुळे तेल औषधाची जागा घेऊ शकत नाही.

अशा घरगुती उपायांवर विश्वास का बसतो, याचेही उत्तर संशोधनात सापडते. अमेरिकी संशोधकांनी २०१० मध्ये तीन चाचण्यांत केवळ निरौषधी गोळी मिळालेल्या २८ श्वानांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी २२ जणांचे झटके घटले होते, आठ जणांचे तर निम्म्याहून अधिक. अपस्मार मुळातच चढउतारांचा आजार आहे. झटके वाढले की माणसे उपाय शोधतात आणि नैसर्गिक उतार आला की त्याचे श्रेय त्या उपायाला देतात. म्हणूनच झटक्याची तारीख, वेळ आणि कालावधी यांची वही ठेवणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

प्रत्यक्ष झटक्याच्या वेळी करायच्या गोष्टी थोड्याच आहेत. आसपासचे सामान दूर करावे, दिवा मंद करावा, पंखा लावावा, घड्याळ पाहावे आणि शक्य असल्यास मोबाईलवर चित्रण करावे. निदानासाठी ते फार उपयोगी पडते. तोंडात हात, चमचा किंवा पाणी घालू नये; श्वान जीभ गिळत नाही, पण नकळत कडकडून चावू शकतो. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने काहीही साध्य होत नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला किंवा चोवीस तासांत दोन झटके आले, तर ती आणीबाणी समजून दवाखाना गाठावा.

सर्वांत मोठी चूक मात्र झटके थांबल्यानंतर होते. दोन-तीन महिने शांततेत गेले की ‘बरा झाला’ असे समजून गोळी बंद केली जाते. फिनोबार्बिटल एकाएकी थांबवल्यास पूर्वीपेक्षा तीव्र, न थांबणारे झटके येऊन जीव जाऊ शकतो. मात्रा कमी करायची असेल, तरी ती पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, अनेक महिन्यांत हळूहळू केली जाते. प्रवास, सण किंवा संप यांमुळे खंड पडू नये म्हणून दोन आठवड्यांचा साठा घरात असावा. गोळी वेळेवर मिळाली, तर असे अनेक श्वान पुढची वर्षे चांगली जगतात.