लाकडी दस्त्याची रायफल : पारख आतल्या कामाची

कोकणातून आफ्रिकेत गेलेल्या आपल्या बांधवांची वस्ती केपटाऊनमध्ये आणि केनियात पिढ्यान्पिढ्या टिकून आहे. तिकडचे नातलग सुट्टीत गावी आले की धंद्याच्या गोष्टी निघतात, तशा शिकारीच्याही निघतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला आणि हौसेची शिकार संपली. केनियानेही १९७७ साली शिकार बंद केली. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिम्बाब्वे, टांझानिया या देशांत मात्र परवाना घेऊन ठरलेल्या संख्येत मोठ्या जनावराची शिकार आजही कायदेशीर आहे. त्यामुळे तिकडे रायफल ही दुकानात मांडलेली, पारखून घ्यायची वस्तू आहे.

मोठ्या शिकारीसाठी लाकडी दस्त्याची, बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरायची जुन्या धाटणीची रायफल कशी निवडतात, हे आम्ही येथे मांडत आहोत. ज्यांना ती घ्यायची आहे त्यांना त्याचा थेट उपयोग होईल. ज्यांना घ्यायची नाही, पण जे लाकूड, लोखंड किंवा कापड हाताळून पोट भरतात, त्यांनाही यातून धंद्याचे काही शिकता येईल.

माल कशासाठी हवा?

कोणत्याही खरेदीत पहिला प्रश्न हाच. आफ्रिकी रानरेड्याचा मोठा नर सातशे किलोच्या आसपास भरतो. त्याच्यावर गोळी झाडतात ती बहुधा शंभर मीटरच्या आतून, झुडपांतून, कधी याहून खूपच जवळून. पहिली गोळी चुकीच्या जागी लागली तर जखमी रेडा दाट झाडीत शिरतो आणि माग काढणाऱ्यांची वाट पाहत थांबतो. त्या वेळी शिकाऱ्याचा जीव आणि त्याच्या पुढे चालणाऱ्या मागकाढ्याचा जीव दुसऱ्या काडतुसावर अवलंबून असतो. माग काढणारा हा बहुधा रोजावर आलेला गरीब माणूस असतो, त्याच्या हाती रायफल नसते.

म्हणून या कामाच्या रायफलीत पहिला गुण पाहायचा तो भरवशाचा. लांबचा नेम, हलके वजन, नक्षी हे सर्व त्यानंतर.

माउझरची पकड

जर्मनीतील ओबर्नडॉर्फ गावच्या पॉल माउझरने बनवलेली रायफल जर्मन सैन्याने १८९८ साली स्वीकारली. सव्वाशे वर्षे उलटली, तरी मोठ्या शिकारीच्या रायफलींचा नमुना तोच आहे. याचे कारण तिच्या बोल्टच्या कडेला बसवलेली लांब, रुंद पोलादी पकड.

काडतूस मॅगझीनमधून वर सरकते त्याच क्षणी त्याची मागची कड या पकडीत अडकते. तेथून ते नळीत जाईपर्यंत आणि रिकामे होऊन बाहेर पडेपर्यंत पकडीतच राहते. दुसऱ्या पद्धतीत बोल्ट काडतुसाला नुसते पुढे ढकलतो आणि बोल्ट पूर्ण बंद झाल्यावरच पकड बसते. घाबरलेल्या माणसाने बोल्ट अर्ध्यावरून मागे ओढला, तर पहिले काडतूस नळीत तसेच सुटे राहते आणि दुसरे त्याच्यावर जाऊन आदळते. रायफल तेथेच अडकते.

ढकलणाऱ्या पद्धतीच्या रायफली वाईट असतात असे नव्हे. हरणाच्या शिकारीत त्या उत्तम चालतात आणि त्यांचा नेमही चोख असतो. पण हरिण उलटून अंगावर येत नाही.

माउझरच्या बोल्टला पुढे दोन मोठे अडसर आणि मागे तिसरा जादा अडसर आहे. काडतूस फुटलेच तर गॅस डोळ्यांकडे न येता बाजूने निघावा म्हणून भोके ठेवली आहेत. सुरक्षेच्या खटक्याला तीन जागा आहेत. एका जागी रायफल चालते. मधल्या जागी चाप बंद राहतो, पण बोल्ट उघडून काडतुसे काढता येतात. तिसऱ्या जागी दोन्ही बंद. घरात मुलेबाळे असणाऱ्याने या खटक्याची किंमत ओळखावी.

काडतूस : गावात मिळते तेच घ्यावे

जर्मन बंदूककार ओटो बॉक याने १९०५ साली ९.३ × ६२ हे काडतूस काढले. साध्या लांबीच्या, कमी किमतीच्या माउझरमध्ये ते बसत असे, म्हणून आफ्रिकेतील शेतकऱ्यांना ते परवडले. लंडनच्या रिग्बी कंपनीने १९११ साली .४१६ आणले. हॉलंड अँड हॉलंडने १९१२ साली .३७५ मॅग्नम आणले. अमेरिकेच्या विंचेस्टर कंपनीचे .४५८ हे १९५६ सालचे.

पहिल्यांदा घेणाऱ्याला जाणकार बहुतेक .३७५ सांगतात. त्याची ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची गोळी रेड्याला पुरते आणि तीच रायफल मोठ्या हरणांनाही चालते. आफ्रिकेतील बऱ्याच भागांत धोकादायक जनावरांसाठी कायद्याने किंवा रिवाजाने हीच किमान मर्यादा धरतात. शिवाय प्रवासात सामान हरवले तर हे काडतूस लहान गावातील दुकानातही मिळण्याची शक्यता जास्त. .४१६ अधिक जोरदार आहे. पण त्याचा धक्काही जबर आणि काडतुसेही महाग. ज्या रायफलीच्या धक्क्याला माणूस भितो, तिचा नेम तो चुकवतोच. ताकदीच्या मोहात पडून खांद्याला न झेपणारा माल घेऊ नये.

लाकूड : नक्षी कुठे, सरळ रेषा कुठे

आता दस्त्याकडे येऊ. सुतारकाम करणाऱ्या बांधवांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.

चांगला दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. तुर्कस्तान आणि कॉकेशस भागातील अक्रोडाला यात मोठे नाव आहे. अमेरिकेत तेथला काळा अक्रोड वापरतात. काश्मिरी कारागीर ज्या अक्रोडावर कोरीवकाम करतात, तो तुर्की अक्रोडाच्याच जातीचा. हे लाकूड मजबूत असूनही फार जड नसते, छिन्नीखाली स्वच्छ कापले जाते आणि धक्का सोसते.

गिऱ्हाईक बहुधा लाकडावरच्या काळ्या-सोनेरी लाटा पाहून भाळते. जाणकार आधी दस्त्याची मूठ पाहतो, कारण दस्ता तेथेच सर्वांत बारीक असतो आणि धक्का बसला की तडकतोही तेथेच. .३७५ चा धक्का हरणाच्या शिकारीत चालणाऱ्या .३०-०६ रायफलीच्या जवळजवळ दुप्पट असतो. मुठीच्या जागी लाकडाच्या रेषा मुठीच्या दिशेनेच सलग वाहत गेल्या पाहिजेत. तिरक्या जाऊन बाहेर निघाल्या तर तो दस्ता आज ना उद्या फुटणार. नक्षीदार लाटा मागच्या रुंद भागात शोभतात, तेथे त्यांनी नुकसान होत नाही. आम्ही कापडवाले ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याच्या दिशेने कापड ओढून त्याची ताकद पाहतो. लाकडाचा न्यायही तोच. जोर ज्या दिशेने येणार, धागा त्याच दिशेने हवा.

दुसरी गोष्ट, लाकूड किती वाळले आहे. दस्त्याचा ठोकळा घाईने वाळवला तर पुढे वाकतो आणि नळीला एका बाजूने दाबतो. मग पावसाळ्यात नेम एकीकडे आणि उन्हाळ्यात दुसरीकडे जातो. चांगले कारखाने ठोकळा सावलीत वर्षानुवर्षे ठेवून मगच कामाला घेतात. त्यात भांडवल अडकते हे खरे, पण त्याला पर्याय नाही.

तिसरी गोष्ट, लाकूड आणि लोखंड यांची बैठक. ॲक्शनच्या खाली एक पोलादी अडसर असतो. गोळी सुटली की सगळा धक्का तो लाकडाला देतो. अडसराच्या मागचा पृष्ठभाग लाकडाला सपाट आणि पूर्ण टेकला पाहिजे. ॲक्शनच्या शेपटीमागे मात्र केसाएवढी फट सोडावी लागते. ती नसेल तर शेपटी पाचरीसारखी घुसते आणि मूठ उभी चिरते. जबर धक्क्याच्या रायफलीत लाकडातून आडवे पोलादी बोल्टही घालतात. ही कामे बाहेरून फारशी दिसत नाहीत, पण दस्ता टिकतो तो यांच्यावरच.

शेवटी तेल. जवसाच्या तेलाचे हात बाहेरून सगळेच देतात. रबरी गादीखालचे दस्त्याचे टोक आणि आतली खाच तेलाने बंद केली आहे का, हे विचारावे. लाकूड पाणी पिते ते टोकाकडून.

फायबरचे दस्ते आज सर्वत्र मिळतात. ते पावसाने फुगत नाहीत आणि सांभाळायलाही सोपे. पण लाकडी दस्ता माणसाच्या अंगाप्रमाणे घासून घेता येतो. तो तडकला तर चांगला सुतार सांधू शकतो आणि मुलगा-नातू त्याला नव्याने तेल देऊ शकतात. ज्याला निगा राखायचा कंटाळा आहे त्याने लाकडाच्या वाटेला जाऊ नये.

१९६४ चा धडा

व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी एक हकिकत सांगतो. विंचेस्टर कंपनीने १९३६ साली मॉडेल ७० ही रायफल काढली. तिच्यात माउझरसारखी पकड होती आणि दस्त्यावर हाताने कापलेली चौकड होती. अमेरिकेत तिचे नाव गाजले. पुढे मजुरी वाढली आणि नफा घटला. १९६४ साली कंपनीने खर्च कमी करण्यासाठी रचना बदलली. मोठी पकड गेली, ढकलणारा बोल्ट आला. हाताने कापलेल्या चौकडीच्या जागी यंत्राने दाबलेली चौकड आली. नाव मात्र तेच राहिले.

गिऱ्हाइकांनी फरक लगेच ओळखला. तेव्हापासून बाजारात ‘१९६४ पूर्वीची’ असा शब्दच रूढ झाला आणि जुन्या रायफलींना वेगळा, चढा भाव मिळू लागला. कंपनीचा जुना मालच तिच्या नव्या मालाचा प्रतिस्पर्धी झाला. १९९० च्या दशकात कंपनीने ती पकड परत आणली. २००६ साली न्यू हेवनचा तिचा जुना कारखाना बंद पडला. त्यामागे कारणे अनेक होती. पुढे ही रायफल दुसऱ्या ठिकाणी पुन्हा बनू लागली, आणि ती बनली ती मोठ्या पकडीसहच.

खर्च कमी करणे गुन्हा नाही. प्रत्येक कारखानदाराला ते करावेच लागते. पण ज्या भागासाठी गिऱ्हाईक आपल्या दाराशी येते त्याच भागाला कात्री लावली, तर वाचलेला पैसा नावाच्या रूपाने गमवावा लागतो. लुगड्याच्या काठाला, चपलेच्या तळव्याला, कुलपाच्या आतल्या पट्टीला हाच नियम लागू आहे.

दुकानात काय करावे?

रायफल रिकामी आहे याची खात्री स्वतः डोळ्यांनी आणि बोटाने करावी. डोळे मिटून ती खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावेत. नजर आपोआप नेमाच्या रेषेत आली तर दस्ता आपल्या मापाचा आहे. मान वाकवावी किंवा ताणावी लागली तर तो दुसऱ्याच्या मापाचा समजावा. बंदुकीची बारूद नसलेली खोटी काडतुसे मागून घ्यावीत आणि बोल्ट एकदा सावकाश, एकदा झपाट्याने चालवावा. मॅगझीनमधले प्रत्येक काडतूस विनाअडथळा गेले पाहिजे. जुना माल असेल तर मूठ आणि शेपटीमागची जागा उजेडात धरून तडा पाहावा. नळीत गंज पाहावा. स्क्रूंची तोंडे खराब झालेली असतील तर अडाणी हाताने ती उघडली आहे असे समजावे. वजन साडेचार किलोच्या आसपास असेल तर कुरकुर नको. तेच वजन धक्का खाते.

दक्षिण आफ्रिकेत २००० सालच्या शस्त्र नियंत्रण कायद्याप्रमाणे आधी पात्रतेचे प्रमाणपत्र आणि मग प्रत्येक शस्त्राचा वेगळा परवाना लागतो. त्याआधी दुकानदाराला पैसे देऊन बसू नये. तिकडची रायफल भेट म्हणून इकडे आणण्याचा विचारही कोणी करू नये. आपला शस्त्र कायदा फार कडक आहे.

हलालचा प्रश्न

अन्नासाठी केलेली शिकार आपल्या दीनमध्ये जायज आहे. केवळ मौजेखातर जीव घेणे पसंत केलेले नाही. रानरेडा हलाल जनावरांत मोडतो. सिंह आणि बिबट्या मोडत नाहीत. बंदुकीच्या गोळीने मेलेल्या जनावराबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. गोळी झाडताना अल्लाहचे नाव घेतले तर काही जण ते जायज धरतात. आपल्या उपखंडातील अनेक हनफी उलेमा मात्र जनावर जिवंत असताना जबह झाल्याशिवाय ते हलाल मानत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे आणि सुरी जवळ ठेवावी.

जनावराला तडफडत सोडणे हा जुलूम आहे, यात मात्र कोणाचाही मतभेद नाही. ज्या कारागिराने पकड नीट घासली, मुठीत सरळ रेषेचे लाकूड घातले आणि शेपटीमागे केसाएवढी फट सोडली, त्याचा त्या जनावरावर उपकार आहे आणि मागकाढ्याच्या बायकामुलांवरही. त्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. म्हणून खरेदी करताना दुकानदाराला आधी बोल्ट बाहेर काढून दाखवायला सांगावे. दस्त्यावरची नक्षी नंतर पाहता येते.