‘एक वाफ’ म्हणजे किती?

कोणत्याही मराठी घरातली पाककृतींची जुनी वही उघडून पाहा. पानं सुटी झालेली, कडेला तेलाचे डाग, कुठे हळदीचं बोट उमटलेलं. तिच्यात अनारशांना दीड पान मिळालेलं असतं. तांदूळ किती दिवस भिजवायचे, गूळ कोणता घ्यायचा, पीठ हाताला कसं लागलं पाहिजे, सगळं तपशीलवार. चिरोटे, साटोऱ्या, कैरीचं लोणचं यांचंही तसंच. पण आठवड्यातून एकदा तरी पानात पडणारी फरसबीची भाजी तिथे शोधून सापडत नाही. सापडलीच तर एका ओळीत : फोडणी, मिरची, खोबरं, एक वाफ. संपलं!

याचं कारण उघड आहे. जे वर्षातून एकदा करायचं, ते विसरायला होतं म्हणून लिहून ठेवायचं. जे रोजचंच आहे, ते लिहायचं कशाला? ते बघून बघून येतंच. मुलगी आईच्या शेजारी उभी असायची, सून सासूच्या. शिकणारी व्यक्ती ओट्याशी हजर होती, म्हणून शिकवणारीला शब्द शोधावे लागले नाहीत.

आता ती हजर नसते. कुणी शिकायला परगावी असतं, कुणी नोकरीला, कुणी सातासमुद्रापार. याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. ओट्याशी उभं राहण्यावाचून ज्यांना दुसरा पर्यायच नव्हता, अशा बायकांना विचारलं तर त्या मुली सुटल्या म्हणून आनंदच व्यक्त करतील. पण यातून एक चमत्कारिक गोष्ट झाली आहे. अनारसे वहीत सुरक्षित आहेत, शिवाय दुकानात विकतही मिळतात. हातातून निसटते आहे ती रोजची साधी भाजी.

हे मला समजलं ते माझ्या सासऱ्यांमुळे. सासूबाई गेल्या तेव्हा नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. सगळी नोकरी जमीनमोजणीत गेलेली. आम्ही पुण्याला, ते गावी. ‘इकडे या’ म्हटलं तर आले नाहीत. डबा लावला, तो महिन्याभरात बंद केला. म्हणाले, “डबेवाला बारा वाजता येतो. मला भूक साडेदहाला लागते. या वयात माझी भूक दुसऱ्यानं का ठरवायची?” मग ते वरणभात शिकले. कुकरला शिट्ट्या असतात आणि शिट्ट्या मोजता येतात, त्यामुळे तो प्रश्न दोन दिवसांत सुटला. भाजीशी मात्र घोडं अडलं. मी फरसबीची भाजी सांगायला लागले आणि ‘मग एक वाफ आणायची’ असं म्हणाले, तेव्हा त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

“एक वाफ म्हणजे किती?”

“अंदाजानं, नाना.”

“अंदाज ज्याला आहे तो तुला विचारायला येईल कशाला?”

त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांचा इतिहास म्हणजे एका अर्थानं या अंदाजाला मापात बसवण्याचाच इतिहास आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 सालचं. एक हजार पाकक्रिया एका पुस्तकात बसवण्याची ती जिद्द थक्क करणारी आहे. पुढे 1970 मध्ये कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याचं माप घरोघरी पोहोचलं. तराजू नसलेल्या स्वयंपाकघरात त्यामुळे केवढी सोय झाली! पण वाटीनं डाळ मोजता येते, आच मोजता येत नाही. ‘मंद आच’ आणि ‘एक वाफ’ ही दोन मापं वाटी-चमच्यात मावली नाहीत, ती हातातच राहिली.

शेंग मुळात आहे कोण?

मुंबई-कोकणात जी फरसबी, तीच पुण्याच्या मंडईत श्रावणघेवडा. ‘फ्रेंच बीन’चं आपल्या जिभेवर ‘फरसबी’ झालं. ‘श्रावणघेवडा’ हे नाव तर इतकं आपलं, की ही शेंग परदेशातून आली यावर विश्वास बसत नाही. पण तिचं मूळ घर अमेरिका खंड. कोलंबसाच्या 1492 मधल्या सफरीनंतर ती तिकडून जगभर पसरली. आपल्याकडे त्याआधीपासून वालाच्या जातीचा घेवडा होताच; नव्या पाहुणीला त्याच घराण्याचं नाव देऊन आपण तिला घरात घेतलं. राजमा आणि फरसबी ही एकाच झाडाची दोन रूपं आहेत. शेंग कोवळी खुडली की फरसबी, वाळवून दाणे काढले की राजमा. साताऱ्याकडचा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला वाघ्या घेवडा हाही याच कुळातला.

या नात्यामुळेच ही भाजी कच्ची ठेवून चालत नाही. कच्च्या राजम्यात पोटाला बाधणारं एक द्रव्य असतं, ते नीट उकळल्यावर निष्प्रभ होतं. कोवळ्या शेंगेत त्याचं प्रमाण कमी असलं, तरी असतं. म्हणून काकडीसारखी फरसबी कच्ची खायची नाही. बरं, जास्त शिजवावी तर तिचा लगदा होतो आणि रंग वाळलेल्या शेवाळासारखा होतो. दोन्हींच्या मधली जी जागा, ती म्हणजे ‘एक वाफ’.

झाकणावरचं पाणी

सासूबाईंची पद्धत मी वीस वर्षं पाहिली होती. कल्हई केलेलं पितळी पातेलं, त्यावर सपाट खोलगट झाकण आणि झाकणावर थोडं पाणी. भाजीत पाणी नाही, झाकणावर पाणी! नवख्याला हे कोडंच वाटावं. पण त्यात साधं शास्त्र आहे. वरचं पाणी झाकणाला गार ठेवतं. शेंगांमधून निघालेली वाफ त्या गार पत्र्याला लागते, तिचे थेंब होतात आणि ते पुन्हा भाजीत पडतात. शेंग आपल्याच पाण्यात शिजते. भाजी खाली लागायला लागलीच, तर झाकणावरचं पाणी आत घालता येतं. ते आयतं गरम झालेलं असल्यामुळे शिजण्यात खंड पडत नाही.

याखेरीज त्या पाण्याचं आणखी एक काम होतं. ते घड्याळ होतं. लग्नात मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र ठेवत. तळाला भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं झाली. झाकणावरचं पाणी हे स्वयंपाकघरातलं घटिकापात्रच. ते कोमट झालं की एकदा भाजी हलवायची, त्यातून चांगल्या वाफा निघायला लागल्या की भाजी झाली. सासूबाईंची ‘एक वाफ’ म्हणजे एवढंच होतं. पातेलं तेच, पाणी तेवढंच, आच तीच. मग वेळही तीच यायची. मिनिटं मोजायची गरज कुणाला होती?

आज हे घड्याळ मोडलं आहे. नव्या कढयांची झाकणं घुमटासारखी, त्यांच्यावर पाणी ठरतच नाही. काचेच्या झाकणाला वाफ जायला भोक. गॅसची आच चुलीच्या निखाऱ्यांहून कडक. शब्द तोच राहिला, त्याच्या मागचं यंत्र मात्र बदललं. म्हणून ‘एक वाफ काढ’ एवढ्यावर मुलांची भाजी होत नाही, आणि दोष मुलांचाही नाही.

रंग का उतरतो?

फोडणीत पडल्यावर पहिल्या मिनिटात शेंग एकदम लखलखीत हिरवी होते, हे तुम्ही पाहिलं असेल. पेशींच्या मधली हवा तापून बाहेर पडते आणि आतला हिरवा रंग स्पष्ट दिसू लागतो. हा रंग हरितद्रव्याचा. त्याच्या रचनेच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. (हरितद्रव्यावरच्या संशोधनासाठी जर्मनीच्या रिचर्ड विल्श्टेटर यांना 1915 चं नोबेल मिळालं.) शिजताना शेंगेतली आम्लं मोकळी होतात आणि हा मॅग्नेशियम हुसकून लावतात. मग हिरव्याचा मळकट पोपटी होतो. पाच-सात मिनिटांनंतर हा बदल डोळ्यांना जाणवायला लागतो.

यातून तीन गोष्टी निघतात. एक, सुरुवातीची दोन-तीन मिनिटं भाजी उघडीच परतावी, म्हणजे उडून जाणारी आम्लं उडून जातात. दोन, टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू हे काहीही शेंग शिजण्यापूर्वी घालू नये. आम्लामुळे रंग तर जातोच, शेंगही लवकर मऊ होत नाही. गूळही शेवटीच घालावा. आपल्या पानात लिंबाची फोड डाव्या बाजूला वेगळी वाढायची रीत किती शहाणपणाची आहे पाहा! तीन, हिरवेपणासाठी चिमूटभर सोडा घालण्याचा मोह टाळावा. रंग राहतो, पण शेंग गिळगिळीत होते आणि जीवनसत्त्वं नष्ट होतात.

आता भाजी

पाव किलो फरसबी घ्या. शेंग वाकवून पाहा. कट्कन मोडली तर कोवळी, नुसतीच वाकली तर शिळी. दाणे बाहेरून टचटचीत दिसत असतील तर जून. आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्याबरोबर जातं. दोन्ही टोकं काढताना शीर निघते का ते पाहा. हल्लीच्या बऱ्याच जातींना शीर नसते. सगळे तुकडे सारखेच आणि बारीक, साधारण अर्ध्या सेंटिमीटरचे करा. लहान-मोठे तुकडे असले की निम्मी भाजी कच्ची आणि निम्मी गाळ.

जाड बुडाच्या कढईत दोन चमचे तेल तापवा. पाव चमचा मोहरी तडतडली की चिमूटभर हिंग, पाव चमचा हळद, दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे, पाच-सहा कढीपत्त्याची पानं. लगेच फरसबी घाला, अर्धा चमचा मीठ घाला. मीठ आधी घातलं की शेंगेला पाणी सुटतं, ते हवंच आहे. मध्यम आचेवर, झाकण न ठेवता, तीन मिनिटं परता.

आता आच अगदी बारीक करा. कढईवर नीट बसेल अशी सपाट ताटली ठेवा आणि तिच्यात पाव वाटी पाणी घाला. ताटली नसेल आणि झाकण घुमटाचं असेल, तर तीन चमचे पाणी भाजीतच शिंपडा. चार मिनिटांनी झाकण जपून काढा, भाजी खालीवर करा, पुन्हा झाका. आणखी चार मिनिटांनी एक तुकडा खाऊन पाहा. दाताखाली करकरला तर दोन मिनिटं अजून. चावला जाऊन थोडा प्रतिकार करत असेल तर गॅस बंद करा, कढईची ऊब पुढचं काम करते. मग चिमूटभर साखर, पाव वाटी ओलं खोबरं आणि कोथिंबीर घालून एकदा हलवा. देशावर खोबऱ्याऐवजी दाण्याचं कूट घालतात, तेही छान लागतं. तासभर भिजवलेली दोन चमचे मूगडाळ फरसबीबरोबरच घातली तर भाजी पोटभरीची होते.

तर नानांच्या प्रश्नाचं उत्तर असं : पाव किलोला, बारीक चिरून, बारीक आचेवर, एक वाफ म्हणजे आठ ते दहा मिनिटं. शेंग जून असेल तर दोन-तीन जास्त. महाबळेश्वरसारख्या उंचावर राहत असाल तर आणखी थोडी, कारण दर तीनशे मीटर चढलं की पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं आणि तितक्या कमी उष्णतेवर शिजायला वेळ लागतो.

नाना हे शिकले. त्यांनी मिनिटं लिहिली, ताटलीतल्या पाण्याचं माप लिहिलं, आणि गॅसचं बटण कुठवर फिरवायचं त्याची पेन्सिलीनं खूणही केली. पुढची सहा वर्षं ते आपल्या घरी, साडेदहा वाजता, स्वतःच्या हातचं जेवले. त्यात मोठेपणा वाटण्यासारखं काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मला मात्र वाटत आलं आहे. म्हातारपणी माणसाचं स्वातंत्र्य किती लहान गोष्टींवर टिकून असतं! आणि त्या लहान गोष्टी त्याला कुणीतरी नीट शब्दांत सांगाव्या लागतात.

आज रविवार आहे. घरात बारा वर्षांचा नातू असेल, होस्टेलला निघालेली मुलगी असेल, नुकतेच निवृत्त झालेले यजमान असतील, तर त्यांच्या हाती पाव किलो फरसबी द्या आणि समोर घड्याळ ठेवा. ‘अंदाजानं’ हा शब्द आजच्यापुरता बाजूला ठेवा. ही एक भाजी आली की पुढचं सोपं आहे. कोबीला याहून निम्मी वेळ, गवारीला जवळजवळ दीडपट, दोडक्याला स्वतःचंच पाणी इतकं सुटतं की झाकणावर पाणी लागतच नाही. चार-पाच भाज्या झाल्या की मिनिटं बघायची गरज आपोआप कमी होते, आणि मग ज्याला आपण अंदाज म्हणतो तो त्यांच्याही हातात येतो.