निर्वात नलिकेला ट्रान्झिस्टरचा आधार

ओटावा : येथील नॅशनल रिसर्च कौन्सिलमधील भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ले केन यांनी १९४५ ते १९४८ या काळात ‘इलेक्ट्रॉनिक सॅकबट’ हे वाद्य निर्वात नलिकांवर उभारले. पुढे वाद्यांमध्ये ट्रान्झिस्टर आले. गिटारच्या ॲम्प्लिफायरमध्ये मात्र नलिका टिकल्या. जोरकस वादनात त्यांचा आवाज ज्या रीतीने फाटतो, तेच वादकांना हवे असते.

अडचणही तेथेच उद्भवते. सिग्नल वाढून पॉवर नलिकेचे ग्रिड कॅथोडच्या तुलनेत धन झाले, की ते प्रवाह ओढू लागते. आधीच्या छोट्या नलिकेला तो पुरवणे जमत नाही. मधला कपॅसिटर भारित होतो, ग्रिडचा बायस अधिक ऋण होतो आणि सूर क्षणभर गुदमरतो.

यावर उपाय म्हणजे कपॅसिटर व ग्रिड यांच्यामध्ये उच्च व्होल्टेज सोसणारा मॉसफेट ‘सोर्स फॉलोअर’ म्हणून बसवणे. तो सिग्नलचे व्होल्टेज वाढवत नाही, केवळ प्रवाह पुरवतो; त्यामुळे नलिकेचा स्वभाव अबाधित राहतो. मात्र मॉसफेट शॉर्ट झाल्यास ग्रिडवरील बायस नाहीसा होऊन महागडी नलिका जळू शकते. म्हणूनच गेटच्या रक्षणासाठी झेनर डायोड आवश्यक ठरतो. शिवाय प्लग काढल्यानंतरही फिल्टर कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरू शकतात. ते उतरवल्याखेरीज आत हात घालणे जिवावर बेतू शकते.