हातून मोडलेला भाग आणि पेढीची पत

व्यापारात तोटा हा नित्याचाच आहे. भाव उतरतात, माल पडून राहतो, उधारी बुडते. आणि अशा तोट्याची नोंद कोणत्या खात्यावर करावयाची, हे आपल्या वाडवडिलांनी आपणांस शिकवून ठेवले आहे. परंतु आपल्याच दुकानात, आपल्याच माणसाच्या हातून, इतरांच्या नजरेआड जेव्हा एखादी किमती वस्तू मोडते, तेव्हा होणारा तोटा निराळ्या जातीचा असतो. तो कोणाच्या नावे मांडावयाचा, हे ठरविण्याची मुभा काही घटका तरी एकट्या आपल्यालाच असते. संगणकाच्या जोडणीत असे प्रसंग पुनःपुन्हा येतात. म्हणून सभासद बंधू-भगिनींपुढे या विषयाचा थोडा विचार मांडीत आहे.

आपल्या कोठीचे नावच मुळी एका भव्य वास्तूवरून पडले. रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याच्या काळात, 1803 च्या सुमारास, तिची उभारणी सुरू झाली. 1949 मध्ये तेथे महिलांचे महाविद्यालय आले. या रेसिडेन्सीच्या आश्रयाने जी पेठ वाढली, तीच आजचा सुलतान बाजार. कापड, पुस्तके, ट्रूप बाजारातील विजेचे सामान आणि गुजराती गल्लीतील इलेक्ट्रॉनिक माल अशी आपल्या व्यवसायाची रूपे पालटत गेली. कापडाचा तागा फाटला तर तुकडा विकता येतो. भांड्यास पोचा पडला तर ते निदान मोडीत जाते. संगणकाच्या मदरबोर्डचा मात्र केसासारखा एक काटा वाकला, तरी अवघा बोर्ड निकामी ठरू शकतो. नव्या मालाने आपल्या जुन्या नीतीची परीक्षा अशी अधिक बारीक केली आहे.

गेल्या दिवाळीपूर्वीची गोष्ट. नांदेडहून येथे शिकावयास आलेल्या एका विद्यार्थ्याने आमच्या पेढीकडे संगणक जोडण्यास सांगितले होते. रात्री नऊच्या सुमारास आमच्या तरुण कारागिराच्या बोटांतून प्रोसेसर निसटला आणि त्याचा कोपरा सॉकेटवर आपटला. भिंगातून पाहता तीन काटे आडवे झालेले दिसले. बारा-चौदा हजारांचा बोर्ड! दुकानात आम्ही तिघेच होतो. तेव्हा आमचे जुने विक्रेते हळूच म्हणाले, “शेठजी, काळे झाकण पुन्हा बसवू आणि माल असाच आला म्हणून वितरकाकडे परत धाडू. कोणास कळणार आहे?” खरे सांगावयाचे तर दोन मिनिटे तो सल्ला मलाही गोड वाटला. त्या दोन मिनिटांची लाज आजही वाटते, म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

प्रथम हे भाग मोडतात कसे, ते पाहू. पूर्वी प्रोसेसरच्या पोटाखाली पिना असत व त्या सॉकेटच्या छिद्रांत बसत. 2004 मध्ये इंटेलने घरगुती संगणकांसाठी 775 संपर्कांचे सॉकेट आणले आणि नाजूक काटे प्रोसेसरवरून मदरबोर्डवर गेले. एएमडीच्या एएम-4 जातीत 1331 पिना प्रोसेसरलाच होत्या. 2022 मध्ये आलेल्या एएम-5 मध्ये त्या कंपनीनेही 1718 संपर्क सॉकेटात नेले. इंटेलच्या 2021 सालच्या सॉकेटात तर साडेसदतीस मिलिमीटर रुंद व पंचेचाळीस मिलिमीटर लांब प्रोसेसरखाली 1700 संपर्क दाटीने बसविलेले आहेत. येथे प्रोसेसर सरळ उचलून सरळच ठेवावा लागतो. दाबावयाचा नसतो, सरकवावयाचा तर मुळीच नसतो.

इतर भागांचीही अशीच कथा आहे. डीडीआर-4 व डीडीआर-5 या दोन्ही जातींच्या रॅमला 288 संपर्क असतात, पण मधली खाच निराळ्या जागी असते. ती न पाहता जोर केला की पट्टी तरी मोडते किंवा खोबण तरी. ग्राफिक कार्डाची कडी न सोडता कार्ड ओढले, तर कडी तुटते. पेटीच्या दर्शनी बाजूच्या यूएसबीची जाड तार उपटताना बोर्डवरील प्लॅस्टिकचे कोंदणही हातात येते. जुन्या पिनांच्या प्रोसेसरवर पंख्याखालचा लेप घट्ट धरला, तर पंख्याबरोबर प्रोसेसरही निघून येतो व त्याच्या पिना वाकतात. म्हणून संगणक थोडा वेळ चालवून, बंद करून, लेप कोमट असता पंखा हलकेच फिरवून काढावा. अंगावरील स्थिर विजेने होणारी हानी तर डोळ्यांस दिसतच नाही. तिच्यासाठी मनगटपट्टा वापरावा, निदान हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस स्पर्श करावा.

एवढे करूनही भाग मोडलाच, तर पहिल्या घटकेत काय करावे? प्रथम हात थांबवावा. विजेची तार काढावी. “चालतो का बघू” म्हणून बटण दाबण्याचा मोह आवरावा, कारण वाकलेले दोन काटे एकमेकांस टेकले, तर एका भागाचे नुकसान दोन-तीन भागांवर जाते. तुटलेला तुकडा शोधून काढावा. धातूचा कण बोर्डवर राहणे धोक्याचे. मग चांगल्या उजेडात छायाचित्र घ्यावे, वेळ व अनुक्रमांक वहीत लिहावा आणि सॉकेटवर झाकण बसवावे. हे झाकण फेकून देऊ नये; ते नसल्यास अनेक उत्पादक दुरुस्तीसाठी बोर्ड स्वीकारीतच नाहीत. काटे सरळ करण्याचे काम सूक्ष्मदर्शक असलेल्या सरावाच्या कारागिराकडेच सोपवावे. घाईच्या सुईने वाकलेला काटा तुटतो.

आता तोटा कोणाचा? येथे कायदा आणि सचोटी बहुतांशी एकाच वाटेने जातात. जोडून दिलेला संगणक विकण्याचे ठरले असेल, तर तो जोडून तयार होईपर्यंत माल सामान्यतः विक्रेत्याच्या जोखमीवर असतो. 1930 च्या मालविक्री कायद्याचा रोख असाच आहे. ग्राहकाने स्वतःचा भाग बसवून घेण्यासाठी आपल्याकडे ठेवला, तर तो भाग आपल्याकडे ठेव असते. आणि साधारण शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी आपण घेतली पाहिजे, अशी 1872 च्या करार कायद्याची अपेक्षा आहे. ग्राहकाने घरी नेऊन स्वतःच्या हाताने भाग मोडला, तर तोटा त्याचा. परंतु तेथेही त्यास न हिणवता दुरुस्तीचा मार्ग दाखविणे हे आपले काम. उत्पादकाच्या वॉरंटीत मात्र हाताळताना झालेली मोडतोड सहसा येत नाही. म्हणजे अशा मालावर “आला तेव्हाच सदोष” असे लिहून पाठविणे हा वॉरंटीचा लाभ घेणे नव्हे, तर खोटा दस्तऐवज करणे होय.

आपल्या शास्त्रकारांनी याचा विचार फार पूर्वी केलेला आहे. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया व न्यासापहार ही दोन नावे आहेत. खोटा लेख करणे हा पहिला, आणि दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणे हा दुसरा. परतीच्या कागदावरील एक खोटी ओळ आणि ग्राहकाच्या मोडक्या भागाबद्दल राखलेले मौन यांना याहून नेमकी नावे कोणती शोधावीत? मुनींसाठी सांगितलेल्या पाच समितींपैकी आदाननिक्षेपण समिती म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना राखावयाचे अवधान. मुनींचे ते आचरण सूक्ष्म जीवांच्या रक्षणासाठी आहे. आपल्या कारागिरांनी त्याचा अल्पसा अंश जरी हातांत आणला, तरी निम्मी मोडतोड टळेल.

असो. त्या रात्री आम्ही विद्यार्थ्यास दूरध्वनी करून खरे काय ते सांगितले. तो क्षणभर गप्प झाला आणि मग म्हणाला, “काका, नवा बोर्ड केव्हा मिळेल?” दुसऱ्या दिवशी दुकानातील दुसरा बोर्ड घालून, जादा पैसा न घेता, आम्ही त्याचा संगणक पुरा केला. मोडका बोर्ड दुरुस्त होऊन आला. तो चालू झाला, परंतु रॅमच्या चारपैकी दोन खोबणी कायमच्या मुक्या राहिल्या. तो विकावयाचा नाही असे ठरवून आम्ही आमच्याच हिशेबाच्या संगणकात बसविला. रोज वही उघडताना त्या रात्रीची आठवण होते, हे बरेच आहे.

कारागिराच्या पगारातून एक पैही कापली नाही. यात केवळ दया नाही, हिशेबही आहे. त्याने काटे वाकताच “शेठजी, माझ्या हातून झाले” असे आपण होऊन सांगितले होते. पगार कापला असता, तर पुढच्या वेळी त्याने झाकण लावून बोर्ड गुपचूप मांडणीत ठेवला असता आणि ती मोडतोड आम्हांस कोणा संतप्त ग्राहकाच्या तोंडून कळली असती. जेथे नोकर मालकास भितो, तेथे माल बोलत नाही आणि चोपडीही खरे बोलत नाही. तेव्हापासून जोडलेल्या प्रत्येक संगणकामागे थोडी रक्कम आम्ही “मोडतोड” या खात्यावर काढून ठेवतो. तोटा येणारच, हे आधी मान्य केले की तो आल्यावर खोटे बोलण्याची गरज उरत नाही.

सभासद बंधूंस विनंती अशी की, ज्यांच्या दुकानी जोडणीचे काम चालते, त्यांनी असे खाते उघडावे, मोडलेल्या भागांची वेगळी वही ठेवावी आणि नव्या मुलांस पहिल्या दिवशीच सांगावे की, मोडले तर लगेच सांग, लपविलेस तरच दोष. संवत्सरीस आपण सारे एकमेकांस ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. वर्षातून एकदा मागितलेली ती क्षमा खरी ठरावयाची असेल, तर वर्षभर काउंटरवर झालेली चूक त्याच दिवशी कबूल करण्याची सवय हवी. भाग मोडला तर बाजारात दुसरा मिळतो. पेढीची पत मोडली, तर तिचा सुटा भाग कोणत्याही गल्लीत मिळत नाही.