पाणी भरल्यावर एक झालेले दोघे

पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्तीत गुरुवार म्हणजे सुट्टीचा वार. व्हिडिओ भाड्याने आणण्याच्या दिवसांत अशाच एका गुरुवारी आम्ही चाळीत ‘काला पत्थर’ पाहिला होता. परवा तो पुन्हा पाहिला, तेव्हा त्यात दुसरेच काही दिसले.

यश चोप्रांचा हा चित्रपट १९७९ चा, लेखन सलीम-जावेदचे. अमिताभचा विजय हा जहाजाचा कप्तान. वादळात प्रवाशांना सोडून निघाला म्हणून भेकड ठरला आणि आता कोळशाच्या खाणीत तोंड लपवून मजुरी करतो. शत्रुघ्न सिन्हाचा मंगल तुरुंगातून पळालेला. एक घुम्मा, दुसरा तोंडाळ. दोघांची जुंपली की आमच्या चाळीत शिट्ट्या वाजत. इंजिनिअर (शशी कपूर) पाण्याचा धोका सांगतो, पण मालकाला कोळसा हवा असतो. शेवटी खाणीत पाणी घुसते आणि अडकलेल्यांना काढायला हे दोन वैरी खांद्याला खांदा लावतात. मंगल परत येत नाही.

ही निव्वळ कल्पना नव्हे. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला खाणीत पाणी घुसून पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. त्यावरूनच हा चित्रपट सुचला. मात्र पडद्यावर सारा दोष एका दुष्ट शेठवर टाकला आहे. चासनालाच्या कंपनीचा कारभार तर त्या वेळी सरकारने हाती घेतलेला होता! खलनायक सापडला की प्रेक्षक निश्चिंत होऊन घरी जातो, एवढे खरे.

आमच्याकडे खाणी नाहीत, प्रेसशॉप आहेत. एकाच लाइनवर एक कायम कामगार आणि दुसरा कंत्राटी. याला वाटते, हा कमी पगारात राबून माझी नोकरी खाणार. त्याला वाटते, याचे पोट भरले आहे, हा माझ्यासाठी कशाला तोंड उघडील? जेवायला बसतात तेही वेगवेगळ्या टेबलांवर. ज्यांनी प्रेसवर काम केले आहे त्यांना माहीत आहे, माल जास्त निघावा म्हणून सेन्सर बंद ठेवला की बोटे जायला क्षण लागत नाही. त्या वेळी लाल बटणाजवळ जो उभा असेल त्याचाच हात उपयोगी पडतो, मग तो कायम असो की कंत्राटी.

परवा आमच्यासोबत शेजारचा मुलगा बसला होता. चाकणला कंत्राटावर आहे. मारामारीला तो हसला नाही, शिट्टीही वाजवली नाही. शेवट आल्यावर म्हणाला, “काका, पाणी भरायच्या आधीच हे दोघं एक का नाही झाले?”

जेवण तसेच राहिले. त्याला सकाळची पाळी होती, तरी अकरा वाजेपर्यंत बोलत बसलो.